तिची चाल

२००४ सालच्या मार्चमध्ये, एका शनिवारी, माझी पत्नी घराच्या बेसमेंटमध्ये कथक शिकवत होती. ती खाली बसली. मुली थांबल्या. ती उठली नाही.

ती बसायची ते बोल म्हणायला. मांडी घालून, हाताने ताल धरून ती बोल म्हणायची आणि मुली त्यावर नाचायच्या. त्यामुळे ती बसली यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मुली पाय जुळवून उभ्या राहिल्या आणि बोल सुरू व्हायची वाट पाहू लागल्या. त्यांच्यात आमची मुलगीही होती. शेवटी तीच जिना चढून वर आली. मी सिंकपाशी चहाची भांडी घासत होतो. ती म्हणाली, "बाबा, आई बोल म्हणत नाहीये."

मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. हे कुठेही झालं असतं, झोपेतसुद्धा, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं असावं. मी मान हलवली. त्यानंतर जे करायचं असतं ते लोकांनी माझ्याकडून करून घेतलं. भारतातून कुणी वेळेवर पोहोचू शकलं नाही. मुलीने शाळेचा काळा फ्रॉक घातला होता आणि तो तिला दंडात घट्ट होत होता, एवढंच त्या दिवसांमधलं मला स्पष्ट दिसतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहत होतो. मी पुण्याहून इतिहासात पीएच. डी. करायला आलो होतो. ती अर्धी राहिली आणि शिकताना पोटासाठी धरलेली नोकरी कायमची झाली. एका कॉलेजच्या कलाविभागात स्लाइड लायब्ररी होती, तिथे मी काम करायचो. आज हा प्रकार कुणाला माहीत असेल असं नाही, म्हणून सांगतो. जगभरातल्या चित्रांचे आणि शिल्पांचे फोटो फिल्मच्या लहान तुकड्यांवर काढलेले असत, पुठ्ठ्याच्या नाहीतर काचेच्या चौकटीत बसवलेले. लोखंडी खणांमध्ये ते चित्रकाराप्रमाणे लावून ठेवायचे. प्राध्यापक तासाच्या आधी यायचे, खालून दिवा लागणाऱ्या दुधी काचेच्या टेबलावर स्लाइडी मांडून बघायचे, हव्या त्या घेऊन जायचे. परत आल्या की त्या जागच्या जागी लावणं हे माझं काम. पुढे त्या सगळ्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवणं हेही माझ्याकडे आलं. माझ्या स्वभावाला ते मानवलं होतं. खोलीत खिडकी नव्हती आणि फारसं बोलावं लागत नसे.

ती माझ्या अगदी उलट होती, असं म्हणायची पद्धत आहे. पण तीही घरात फार बोलत नसे. बोलायची ती क्लासमध्ये. तिने लहानपणापासून कथक केलं होतं. इथे आल्यावर काही वर्षं ते बंद पडलं, मग घर घेतलं आणि बेसमेंट मिळालं. सिमेंटवर नाचलं की गुडघे जातात म्हणून आम्ही दोघांनी एका उन्हाळ्यात तिथे लाकडी फळ्या टाकल्या. एका कोपऱ्यात फळी उंच राहिली. नवी मुलगी आली की तिला पहिल्यांदा तो कोपरा दाखवला जाई.

माझ्या स्लाइडींमधल्या नर्तकी आणि तिच्या क्लासमधल्या मुली एकत्र आल्या त्या २००२च्या हिवाळ्यात. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात त्या दिवशी प्रवेश फुकट होता. मुलगी सहा वर्षांची होती, बर्फाचे बूट काढायला तयार नव्हती, तशीच फरशीवर पाणी सांडत फिरत होती. बॅलेच्या मुलींची चित्रं आयुष्यभर काढणाऱ्या त्या फ्रेंच चित्रकाराच्या दालनात मी पत्नीला मुद्दाम घेऊन गेलो. मला वाटलं होतं, ती हरखून जाईल.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण या नाचतायत कुठे?"

"चित्राखाली नर्तकी असं लिहिलंय."

"लिहिलं असेल. ही बघ, पाठ खाजवतेय. ही नाडी बांधतेय. आणि ही तर सरळ जांभई देतेय. अरे, हा माझा शनिवारचा क्लास आहे."

मी हसलो. तिला म्हटलं, हा त्या काळातला फार मोठा चित्रकार होता.

"असेल की. मुलींना सोडायला येणारे बाप असतात ना, तसा आहे हा. कोपऱ्यात बसून टक लावून बघायचं. नाचातलं ओ की ठो कळत नाही." मग ती चित्राच्या इतकी जवळ गेली की दारातल्या पहारेकऱ्याने घसा खाकरला. ती मागे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पण एक कळलंय याला. नाच थांबला की अंग कसं सैल पडतं ते. खांदे बघ हिचे. हे मला मुलींना सांगूनसुद्धा दाखवता येत नाही."

पुढच्या दालनात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक इटालियन चित्र होतं. त्यात नाचणाऱ्या बाईचे तुकडे तुकडे केलेले. एक हात चार ठिकाणी, झगा पंख्यासारखा उलगडलेला, चेहरा अर्धाच.

"हिला मिक्सरमधून काढलंय," ती म्हणाली.

"मला आवडलं," मुलगी म्हणाली. "इट्स लाइक शी इज सो फास्ट."

मी समजावून सांगायला लागलो, की त्या चित्रकारांना हालचालीचा एकच क्षण पकडून समाधान होईना, त्यांना सगळे क्षण एकदम दाखवायचे होते. मी हे सगळं सांगतो तेव्हा माझा आवाज बदलतो, असं ती नेहमी म्हणे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळे क्षण एकदम आले तर सम कुठे येणार?"

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. कितीही लांब फिरून आलं तरी नाचणाऱ्याला आणि तबलजीला तिथे एकत्र पोहोचायचं असतं. बघणारेही तिची वाट बघत असतात. तिचं म्हणणं असं होतं की चित्राला वाट बघायला लावता येत नाही. तिथे सगळं आधीच आलेलं असतं.

मी हे आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंना सांगितलं. त्या आधुनिक कलेच्या सुरुवातीच्या काळातले नर्तक आणि गती यांवर दरवर्षी शरद ऋतूत व्याख्यानं द्यायच्या. उंच, म्हाताऱ्या, पायात कायम धावायचे बूट. त्या म्हणाल्या, "तुझ्या बायकोला माझ्या वर्गावर पाठव. मी मागे बसते." पत्नीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इंग्लिशमधून सम सांगू? त्यापेक्षा नाचून दाखवेन." ते राहून गेलं. तिला शनिवार-रविवारी क्लास आणि आठवडाभर एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी होती.

ती गेल्यानंतर पहिले काही महिने आमच्या घरी डबे येत राहिले. रस्त्याच्या पलीकडे नागपूरच्या एक बाई राहायच्या. सगळी मुलं त्यांना काकू म्हणत, म्हणून आम्हीही काकूच म्हणायचो. त्यांची मुलगी पत्नीकडे शिकत होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकू भाजीचा डबा घेऊन आल्या आणि बराच वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत बसल्या.

"भाऊजी, राग नका मानू. पोरीला दुसऱ्या क्लासला टाकलं. भरतनाट्यम आहे."

"राग कसला? बरं केलंत."

"काय बरं केलं बाप्पा. हायवेनं जाऊन-येऊन अख्खा शनिवार जातो. आन् ती टीचर हसतच नाही. आमची म्हणते, आंटी तर ओरडायच्या आणि मग चॉकलेट द्यायच्या."

"ती ओरडायची?"

"ओरडायच्या म्हणजे? तुम्हाला वर ऐकू नव्हतं येत? माझ्या घरी यायचा आवाज. तुम्ही आपले पुस्तकात मुंडकं घालून."

काकू हसल्या आणि लगेच डोळ्याला पदर लावू लागल्या. पण अंगावर पंजाबी ड्रेस होता, ओढणी घरीच राहिली होती, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले. त्या गेल्यावर मी खाली जाऊन बेसमेंटमध्ये उभा राहिलो. तिथे ओरडणं कसं ऐकू आलं असेल याचा अंदाज घेऊ लागलो. मला तिचा आवाज आठवत होता. तो तेव्हा व्यवस्थित आठवत होता.

ऑक्टोबरमध्ये मी डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला, शिकागोतल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, किराणा आणायला गेलो होतो. पोहे, हरभऱ्याची डाळ, गोडा मसाला एवढं घ्यायचं होतं. पार्किंग लांब मिळालं. फुटपाथवरून चालत असताना पुढे गडद लाल कोट घातलेली एक बाई चालली होती, हातात पिशव्या, केस पत्नीसारखेच बांधलेले. माझे पाय भराभर पडायला लागले. असं होतं, असं मला अनेकांनी सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मी स्वतःला सांगितलं, ती अशी चालत नव्हती.

आणि मी थांबलो. कारण ती अशी चालत होती की नव्हती हे मला सांगता येईना. मी डोळ्यांसमोर तिला चालवून बघितली. ती उभी राहिली, बसली, दारात टेकली. चालली नाही. मिठाईच्या दुकानाच्या काचेपाशी उभा राहून मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मला तिचा चेहरा दिसत होता, कोटाचं तिसरं बटण लोंबत होतं तेही दिसत होतं. पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी ती माझ्याकडे उरली नव्हती. जिचं सगळं आयुष्य पायात होतं, तिचे पाय कसे पडायचे ते मी सात महिन्यांत विसरलो होतो. पोहे न घेताच मी परत आलो.

त्यानंतर मला एवढं एकच हवं होतं. ती परत यावी असं मला वाटत नव्हतं, तेवढं मला कळत होतं. ती खोलीतून चालत जाताना मला एकदा आठवावी.

आधी मी व्हिडिओ कॅसेट काढल्या. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाच्या होत्या, कुणा ना कुणा वडिलांनी काढलेल्या. मुली नाचत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला, तबल्याच्या शेजारी, ती मांडी घालून बसली होती आणि माइकमध्ये बोल म्हणत होती. सगळ्या कॅसेटमध्ये ती बसलेलीच होती. शिकवणारी बाई कार्यक्रमात बसते, हे मला माहीत असायला हवं होतं. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती येऊन बसलेली असायची आणि शेवटच्या टाळ्यांत पडद्यासमोर आयांची गर्दी व्हायची. एका कॅसेटमध्ये ती उठायला लागली होती. एक हात जमिनीला टेकला, आणि कॅमेरा धरणाऱ्याने स्वतःच्या मुलीकडे मोहरा वळवला. त्याचं काही चुकलं नाही. मीही तेच केलं असतं.

मग फोटो. फोटो खूप होते. त्यातले काही मी कामावर घेऊन गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत दिव्याच्या टेबलावर मांडले. एकोणिसाव्या शतकात एका छायाचित्रकाराने बरेच कॅमेरे ओळीने लावून चालणाऱ्या माणसांचे आणि घोड्यांचे फोटो घेतले होते, त्या स्लाइडी माझ्या खणात होत्या. एकामागून एक बघितलं की पाय हलताना दिसतो. मला वाटलं, तिचेही तसे लावता येतील. इथे डावा पाय पुढे, इथे खांदा वळलेला, इथे साडीच्या निऱ्या फुगलेल्या. मी भिंगातून बघून त्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. पण एक फोटो आमच्या लग्नाचा होता, एक कुठल्या तरी धबधब्याजवळचा आणि एकात तिच्या कडेवर मुलगी होती. दोन फोटोंच्या मध्ये चार-चार वर्षं होती. तिथे ती हलेना.

त्याच दिवसांत मी प्राध्यापक बाईंच्या व्याख्यानाच्या स्लाइडी स्कॅन करत होतो. हिरव्या टेकडीवर फेर धरून नाचणारी उघडी लाल माणसं, त्यातल्या दोघांचे हात सुटलेले. पत्नीने एकदा ते चित्र माझ्या टेबलावर बघून म्हटलं होतं, की भोंडल्यात असा हात सुटला की मागचीने धावून तो पकडायचा असतो, नाहीतर गाणं मोडतं. पॅरिसच्या नाटकगृहातली, उजेड खालून पडलेली गाणारी बाई. बॅलेच्या त्या फ्रेंच चित्रकाराने मेणात केलेली लहान मुलगी, हनुवटी वर, हात पाठीमागे. मी ती सगळी मोठी करून, रंग ताडून, डाग काढून बघत बसायचो. दिवसभर नर्तकी. त्यातली एकही माझ्यासमोरून चालत गेली नाही.

बाई स्लाइडी घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "चित्रात हालचाल असते का?"

"माझ्या तीस वर्षांच्या पगाराचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून खुर्ची ओढून बसल्या. "नसते. चांगला चित्रकार तोल जायच्या बेतात असलेलं शरीर काढतो. उरलेलं बघणारा करतो. त्याने आयुष्यात माणसं पाहिलेली असतात, त्याच्या जोरावर."

"आणि त्याला ती आठवतच नसतील तर?"

त्यांना माझ्या घरचं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "माझा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला त्याचं खोकणं आठवतं. अगदी तसंच्या तसं. चालणं नाही आठवत. खोकणं मी मागितलं नव्हतं." आणि त्या स्लाइडींचा ट्रे घेऊन वर्गावर गेल्या.

थंडी पडली. मुलीला दुसरी आठवण असेल, हे मला फार उशिरा सुचलं. तिच्यासमोर आईचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं नव्हतं, पण तो निघत नसे. एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. वरण-भात, पापड आणि दुकानातल्या फ्रोझन पोळ्या. मी शक्य तितक्या साधेपणाने विचारलं, "तुला आईची चाल आठवते का गं?"

तिने चमचा खाली ठेवला. मान थोडी वर केली. आणि गुणगुणायला लागली.

मला आधी काही कळलं नाही. मग लक्षात आलं. चाल म्हणजे चालणं, हा अर्थ तिला माहीतच नव्हता. घरात तो शब्द वापरणार कोण? आम्ही एकमेकांना कधी म्हणालो नव्हतो, तुझी चाल छान आहे. तिने तो शब्द फक्त क्लासमध्ये ऐकला होता, आणि तिथे चाल म्हणजे गाण्याची चाल. मी तिला थांबवून म्हणणार होतो, तसं नाही, मला वेगळं म्हणायचंय. पण ती पहिली ओळ संपवून दुसरीवर गेली होती, म्हणून मी थांबलो.

ते गाणं क्लासच्या सुरुवातीच्या वंदनेचं होतं. ती चाल पत्नीनेच लावली होती. तिच्यातले शब्द मुलीने गाळले होते, नुसतं हंहं चालू होतं. दुसऱ्या ओळीत ती एका जागी थांबली. गाणं मधेच तुटल्यासारखं झालं, आणि मग पुढे सुरू झालं.

"इथे का थांबलीस?"

"थांबतात ना इथे."

"वंदनेत?"

"नाही, क्लासमध्ये नाही. आई थांबायची. जिना उतरताना. देअर इज दॅट थिंग ना, डोकं आपटतं ती."

बेसमेंटच्या जिन्यावर मधोमध एक तुळई खाली आलेली आहे. उंच माणसाला तिथे वाकावं लागतं. पत्नी उंच होती. क्लासला खाली जाताना ती दर वेळी हीच चाल गुणगुणत उतरायची आणि तुळईपाशी आली की मान खाली घालताना तिचा आवाज थांबायचा. मुलगी तिच्या मागे असायची. मुलीला वाटलं होतं, ते गाण्यातच आहे.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

तिने म्हटलं. आणि त्या थांबण्याच्या जागी मला ती दिसली. एक हात भिंतीवर, पदर खोचलेला, मान तिरकी करून तुळईखालून जाणारी, आणि खालची पायरी आधी बोटांनी चाचपून मग टाच टेकवणारी. ती अशी उतरायची. आधी बोटं, मग टाच. पायरी दिसत असली तरी. इतकंच होतं, तीन-चार पायऱ्यांपुरतं. मुलगी पुढे गेली आणि ते संपलं. मी पाणी प्यायलो. मुलीने विचारलं, "बरोबर आहे ना?" मी म्हटलं, बरोबर आहे.

चाल या शब्दाचा दुसरा अर्थ मी तिला त्या दिवशी सांगितला नाही.

त्यानंतर मी तिला अधूनमधून म्हणायला सांगू लागलो. गाडीत, भांडी आवरताना, शाळेचा डबा भरताना. ती म्हणायची. कधी ती पायऱ्या उतरणारी मला दिसे, कधी नुसती तुळई दिसे. बाईंना मी हे सांगितलं, शब्दाचे दोन अर्थ सांगितले, मुलीची चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही मूव्हमेंट म्हणजे हालचाल आणि सिम्फनीचा एक भागही. मी जन्मभर हा शब्द वापरतेय आणि हे डोक्यात आलं नाही." मग म्हणाल्या, "फार वेळा म्हणायला लावू नकोस तिला." मी विचारलं, का. त्यांनी खांदे उडवले.

पुढच्या वर्षी मुलीने शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन घेतलं. मास्तर चांगले होते, मात्रा मोजून वाजवायला शिकवायचे. तिच्या हंहंमध्ये हळूहळू सफाई आली. सूर नीट लागायला लागले. आणि एकदा माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या ओळीतलं थांबणं आता नेमकं दोन मात्रांचं झालं आहे. आधी ते किती होतं? जिना उतरणारं माणूस मात्रा मोजून वाकत नाही. मी तिला सांगितलं, "इथे तू थोडं वेगळं थांबायचीस." तिने लांब थांबून दाखवलं. मी म्हटलं, इतकं नाही. तिने मग कमी करून दाखवलं. मला सांगता येईना. तिलाही येईना.

ती दहा वर्षांची असताना एका संध्याकाळी मी तिला रिहर्सलहून घरी आणत होतो. मी म्हटलं, "आईची चाल म्हण ना."

"बाबा, कॅन वी नॉट?"

"एकदाच."

"तू दर वेळी एकदाच म्हणतोस."

"बरं, राहू दे."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्नल सुटला. मग ती स्वतःच बोलली. आमच्या मुलीला महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती मराठीतून सुरू करते आणि इंग्लिशमध्ये संपवते.

"पहिल्यांदा म्हटलं ना मी, डिनरला, तेव्हा ते आईचं होतं. आता मी आठवते ना, तर मला लास्ट टाइमचं आठवतं. मी म्हटलेलं. आय डोन्ट हिअर हर एनीमोर. आय हिअर मी."

मी गाडी चालवत राहिलो. तिला काय म्हणायचं होतं ते मला तिच्याहून जास्त कळत होतं. माझं कामच ते होतं. आमच्या खणांतल्या निम्म्या स्लाइडी मूळ चित्रावरून काढलेल्या नसत, पुस्तकातल्या छपाईवरून काढलेल्या असत. त्या खराब झाल्या की त्यांच्यावरूनच दुसऱ्या काढत. दर नकलेला निळा रंग थोडा उडे आणि सगळं गुलाबी होत जाई. नर्तकींचे पांढरे झगे आमच्याकडे गुलाबी होते. मुलं परीक्षेत गुलाबी झगे असं लिहायची.

"दुसरी ओळ तर मीच मेड अप केलीय, आय थिंक," ती म्हणाली. "यू मॅड?"

"नाही गं."

"तू रडतोयस."

"समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतायत."

"ते दिवे रेड आहेत, बाबा. रेड कसे येतील डोळ्यांवर?"

घरी आल्यावर तिने व्हायोलिनची पेटी जिन्याखाली ठेवली आणि मी भात लावला. त्यानंतर मी तिला कधी म्हणायला सांगितलं नाही.

२००८च्या उन्हाळ्यात स्लाइड लायब्ररी बंद झाली. सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं. लोखंडी खण मागच्या दाराशी नेऊन ठेवले आणि ज्यांना हवे त्यांनी न्यावेत अशी चिठ्ठी लावली. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मेणातल्या त्या मुलीची एक स्लाइड मागून घेतली, रंग गेलेली, मी फेकायला काढलेली. मला कॉलेजच्या मुख्य ग्रंथालयात घेतलं. तिथे खिडकी आहे.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. ती नाचत नाही. ती आईएवढी उंच होईल असं काकू म्हणतात. वंदनेच्या त्या चालीच्या तिला दोन ओळी येतात, पैकी पहिली तिच्या आईची आहे. तिची आई कशी चालायची ते आम्हाला दोघांनाही आठवत नाही.